मामांचं रिव्हॉल्व्हर आणि माझा जबाब

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. पोलिसांना मी आयुष्यात एकदाच जबाब दिला आणि त्या एका जबाबात घरच्याच माणसाच्या अब्रूचा पार चिवडा केला.

कारण होतं एक रिव्हॉल्व्हर. आणि एक साडू.

आधी रिव्हॉल्व्हर. ते माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं. पनवेलजवळच्या गावात त्यांची मिठागरं होती, तेव्हा राखणीसाठी त्यांनी ते रीतसर लायसन्स काढून घेतलं होतं. एवढ्या वर्षांत ते तीनदा उडालं: दोनदा हवेत आणि एकदा चुकून स्वतःच्याच पाण्याच्या टाकीत. आता मिठागरं गेली, टाकीही गेली, रिव्हॉल्व्हर राहिलं. दर खंडेनवमीला मामा ते पाटावर मांडतात. एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला सासूबाईंची विळी, मध्ये झेंडूच्या हारात ते. पूजा झाली की गोळ्या काढलेलं रिव्हॉल्व्हर हातात घ्यायचा मान जावयांचा.

"घ्या जावायबापू, हात लावून बगा," मामा म्हणायचे. "चावत नाय!"

मी घ्यायचो. आणि काय सांगू, त्या वस्तूत काहीतरी आहे! तळहातावर बसणारं ते थंड वजन, बोटाने फिरवलं की टिक-टिक करत फिरणारं चक्र, तेलाचा तो मंद वास. मी खारघरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात काम करतो. दिवसभर मुलांचे अर्ज तपासायचे आणि "न वाचता सही कशी करता रे?" म्हणून ओरडायचं. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.) अशा माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर आलं की पाठीचा कणा आपोआप सरळ होतो. सुनंदा, माझी बायको, म्हणते की पोटही आत जातं.

पण मी दोन मिनिटं धरतो न धरतो तोच जगदीश यायचा.

हा माझा साडू. सुनंदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचे ट्रेलर फिरतात. डोक्यावर अजून सगळे केस आहेत. सासूबाई त्याला पापलेटचा मधला तुकडा वाढतात आणि मला शेपटी. हे सगळं मी गिळलं असतं, पण त्याच्याकडे स्वतःची दोन रिव्हॉल्व्हर आहेत! एक आजोबांचं, एक स्वतः घेतलेलं. रविवारी सकाळी तो ती पुढ्यात घेऊन बसतो, मऊ फडक्याने पुसतो आणि आलेल्या पाहुण्याला त्यांची जन्मकथा सांगतो. नेम असा की शूटिंग रेंजवरची पोरंसोरं त्याला 'सर' म्हणतात. मला माझ्या ऑफिसचा शिपाईसुद्धा 'सर' म्हणत नाही.

गेल्या वर्षी मामांनी जाहीर केलं, "हात कापतात माजे आता. ही वस्तू जावयाच्या नावावर करायची हाय."

कुठल्या जावयाच्या, ते बोलले नाहीत. पण जगदीशकडे बघून हसले. मला पुरे झालं! मोठा जावई मी, आणि तिसरं रिव्हॉल्व्हरही त्यालाच? दोन काय कमी होती? माणसाला हात तरी किती असतात?

पंधरा दिवसांनी आम्ही मामांकडे असताना जगदीश कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढे आला.

"दादा, इथे, इथे आणि इथे सही. आणि दोन फोटो लागतील."

मी ओळखलं. घरातल्या बाकीच्यांनी 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यावं लागतं, हे मी ऐकून होतो. म्हणजे माझ्याच हाताने माझं रिव्हॉल्व्हर त्याला द्यायचं!

"दादा, एकदा वाचून तरी घ्या."

"वाचायचं काय त्यात!" मी म्हणालो आणि अशा झोकात सह्या केल्या की तिसऱ्या सहीला कागद फाटला.

सुनंदाने कोपराने ढोसलं. "अहो, तोंड का असं? जरा हसा की."

"हसतोय!"

"याला हसणं म्हणतात?"

त्यानंतर चार रविवार जगदीश मला रेंजवर घेऊन गेला. का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं: मिरवायला! कानावर ते जाड मफ चढवून तो मला शिकवायचा. "दादा, श्वास सोडा. ट्रिगर ओढायचा नाही, हळूच दाबायचा. बोट आधीच ट्रिगरवर नको." मी दाबलं. माझ्या समोरच्या कागदाला भोकच नाही! शेजारी एक कॉलेजातली मुलगी सराव करत होती. तिने पाच गोळ्या झाडल्या आणि तिच्या कागदावर सहा भोकं निघाली. ती आनंदाने उड्या मारायला लागली. जगदीश नुसता माझ्या पाठीवर थोपटून गेला. त्या थोपटण्याचा मला आठवडाभर राग होता. चौथ्या रविवारी त्याने माझ्या हातात प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ठेवलं. मी मनात म्हटलं, हे समाधानाचं बक्षीस!

आता मुख्य गोष्ट.

आमचे शेजारी प्रधान काका गावी गेले होते आणि त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी त्यांच्या घरात झारी घेऊन उभा असताना बेल वाजली. दारात एक हवालदार, काखेत फाइल.

"रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सची चौकशी आहे. सासऱ्याचं हत्यार जावई नावावर करून घेतोय. अर्जदाराला ओळखता ना?"

माझी छाती अशी फुगली म्हणता! प्रत्यक्ष सरकार माझं मत विचारायला आलं होतं!

"ओळखतो म्हणजे? घरातलाच समजा! या, बसा."

"बरं झालं. शेजारीपाजारी खरं बोलतात. माणूस कसा आहे?"

जगदीश राहतो दुसऱ्या गावात, मग त्याची चौकशी आमच्या रोडपालीत कशी, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

"साहेब, खोटं कशाला बोलू?" मी झारी खाली ठेवली. "वरून गरीब दिसतो. आतून धुमसत असतो."

"तापट?"

"तापट परवडला! हा मनात ठेवणारा. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही त्याला."

हवालदार लिहायला लागले. मला चेव आला.

"घरात कसा वागतो?"

"तोंड फुगवून बसतो. बायको वैतागली आहे बिचारी. जेवताना दुसऱ्याच्या ताटातला तुकडा मोठा दिसला तरी याला घास उतरत नाही!" (हे जगदीशबद्दल कसं सुचलं, देव जाणे. मधला तुकडा तर त्याच्याच ताटात असतो.)

"नेम वगैरे?"

"नेमाचं नावच काढू नका! शेजाऱ्याला धोका!"

इथे मी सरळ सरळ खोटं बोललो. बोलताना गार वाटलं, हेही कबूल करतो.

"म्हणजे हत्यार देऊ नये, असं तुमचं मत?"

"साहेब, असल्या माणसाच्या हातात मी नारळ फोडायला कोयतासुद्धा देणार नाही."

हवालदारांनी कागद पुढे केला. "वाचा आणि सही करा."

"वाचायचं काय त्यात!" मी झोकात सही ठोकली.

त्यांनी सही बघितली. मग फाइल बघितली. मग मला बघितलं. मग फाइलमधला फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

"विलास घरत म्हणजे?"

"मीच."

"मग प्रधान कोण?"

"ते गावी गेलेत. मी कुंड्यांना पाणी..."

"अहो, अर्जदार विलास घरतच आहे!" हवालदार खुर्चीतून अर्धे उठले. "वीस वर्षं चौकशा करतोय. स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारा अर्जदार पहिल्यांदा भेटला!"

मी झारीवरच बसलो. झारी चेपली.

उलगडा संध्याकाळी मामांच्या अंगणात झाला. सगळे जमले होते. एका माणसाला दोनच हत्यारं बाळगता येतात, तिसरं जगदीशला मिळणं शक्यच नव्हतं. रिव्हॉल्व्हर विलासदादांना द्या, म्हणून मामांच्या मागे लागला होता तो जगदीशच. मी न वाचता सह्या केल्या तो माझाच अर्ज होता, आणि हरकत नसल्याचं उलट त्यानेच लिहून दिलं होतं. प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आपले चार रविवार त्याने माझ्यावर घालवले होते.

"मला सांगितलं का नाही कुणी?" मी कसाबसा म्हणालो.

"जावायबापू, दोनदा सांगितलं मी," मामा म्हणाले. "तुमी आईकलाच नाय. तोंड तिकडं करून बसलेले."

जगदीश एवढंच म्हणाला, "दादा, एकदा विचारायचं तरी." हसला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

अर्ज अर्थातच बारगळला. शेवटी मामांना आठवलं की जावयांच्या आधी आपल्याला मुलीही आहेत. सुनंदाने अर्ज केला आणि रेंजवर पहिल्याच दिवशी, स्वतःच्याच कागदावर, ओळीने भोकं पाडली. चौकशीला तेच हवालदार आले. "या वेळी नाव आधी सांगतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही जरा आत बसा."

या खंडेनवमीला ते रिव्हॉल्व्हर आमच्या घरच्या पाटावर होतं. सगळे आले होते. पूजा झाल्यावर मी जगदीशला बाजूला घेतलं आणि चार घडीचा कागद त्याच्या हातात दिला.

"हे काय दादा?"

"माफी आहे. तोंडाने जमेना, म्हणून लिहिली."

त्याने तो न उघडताच खिशात घातला. "वाचायचं काय त्यात!"

"नाही," मी म्हणालो. "वाच. मोठ्याने."

जगदीशने कागद उघडला आणि सगळ्यांसमोर वाचला:

"जगदीश, तू समजून मी हवालदारांना जे जे सांगितलं, त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. फक्त त्यातलं काहीच तुझं नव्हतं. मला माफ कर. सही करण्यापूर्वी हे दोनदा वाचलं आहे."