भोंगा गप्प का झाला

या गावात बघायच्या जागा म्हणाल तर तीन. एक दीपगृह, ते मंगळवारी बंद असतं आणि पर्यटक हटकून मंगळवारीच उगवतात. दुसरी तोफ. तिने कधी कुणावर गोळा टाकला हे कुणालाच ठाऊक नाही, पण तोंडात हात घातला तर बिस्किटाचा कागद नक्की मिळतो. तिसरा भोंगा, आणि लोक येत ते खरं म्हणजे त्याच्यासाठीच. किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाला वर घागरीच्या तोंडाएवढं भोक आहे आणि खाली समुद्राने कोरलेली गुहा. भरती भरात आली की लाट गुहेत घुसते, आतली हवा कोंडते, आधी पोटात धडकी भरवणारा भों असा आवाज येतो आणि मागोमाग दोन पुरुष उंचीचा फवारा. कपडे सांभाळत आलेली मंडळी नखशिखांत भिजायची, किंचाळायची आणि पुढच्या लाटेला परत तिथेच उभी राहायची. आता बोला!

या भोंग्याची वेळ सांगायचे कसंकायकाका. नोकरीची तीस वर्षं त्यांनी बंदरात भरतीच्या पाण्याची उंची मोजण्यात घालवली, त्यामुळे भरती त्यांच्या बोटांवर. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून खडकाजवळ एक फळा टांगला आणि रोज सकाळी खडूने त्या दिवसाची वेळ लिहायला सुरुवात केली. पाच मिनिटांचा फरक पडला तर त्यांना जेवण जायचं नाही. कसंकाय हे नाव गावाने ठेवलेलं, कारण कुठलीही गोष्ट दिसली की "हे असं कसं काय?" हे विचारल्याशिवाय स्वारी पुढे सरकायची नाही. एकदा न्हाव्याच्या आरशामागे काय लावलेलं असतं ते बघायला त्यांनी आरसाच भिंतीवरून उतरवला, आणि न्हाव्याने रागाने अर्ध्या दाढीवर घरी पाठवलं. तरी चेहऱ्यावर समाधान, कारण मागची बाजू बघून झाली होती.

भोंग्याची आतली बाजू मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. गुहेचं तोंड समुद्राकडे, ते फक्त मोठ्या ओहोटीला तासभर उघडं पडतं. काकूंनी नवऱ्याला पुरतं ओळखलेलं, त्यांनी लग्नानंतर महिन्याभरातच शपथ घातली होती, की आत पाऊल टाकायचं नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली, पण शपथ काकांनी पाळली.

खडकाजवळच काकांची सून शहाळ्यांची गाडी लावायची. पंधरा वर्षांपूर्वी एका शहाण्याने काकांना डिवचलं, "एवढ्याशा पाण्याचं काय कौतुक हो?" काकांना झोंबलं. त्यांनी सुनेच्या गाडीवरचं एक रिकामं शहाळं उचललं, भोकात टाकलं आणि म्हणाले, "मोजा दहापर्यंत." आठालाच शहाळं घराच्या कौलांएवढं उंच उडालं. लोक वेडे झाले. तेव्हापासून जो येईल तो शहाळं पिणार, रिकामं झालं की भोकात टाकणार आणि ओरडत आकडे मोजणार. मजाच ती!

पण गेल्या वर्षी भोंग्याचा आवाज बसला. आधी फवारा कमरेएवढा झाला, मग नुसता उसासा, मग तोही बंद. आणि त्याच सुमारास शेजारच्या खाडीत नव्या जेटीचे खांब उभे राहिले होते. काकांनी दोन आणि दोन चार केले. खांबांनी पाण्याची ओढ फिरवली, दुसरं काय असणार? त्यांनी बंदर खात्याला अर्ज लिहिला, पहिली सही स्वतःची केली आणि दारोदार फिरून गावाच्या ऐंशी सह्या मिळवल्या. काका म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं म्हणून लोकांनी न वाचता सह्या ठोकल्या. जेटीचं काम थांबलं.

इथेच घरात ठिणगी पडली. काकांचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर. बोट किनाऱ्याला लागत नाही, त्यामुळे ओल्या मासळीच्या टोपल्या खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून चालत यायचं. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय घसरला तेव्हापासून गुडघा धड नाही. जेटी झाली की बोट थेट धक्क्याला लागणार होती. अर्जावर बापाची सही बघून तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला भोंगा हवा की मुलगा, ते एकदा ठरवा." त्यानंतर चार महिने बापलेकांत अबोला. एकाच ताटाशेजारी ताट, पण मुलगा बायकोला सांगणार, "त्यांना म्हणावं मीठ सरकवा," आणि काका सुनेलाच उत्तर देणार, "त्याला म्हणावं डाव्या हाताला आहे." मध्ये ती बिचारी टपालपेटी झाली होती.

गुरुवारी दुपारी एक वाजता, भर भरतीला, खात्याच्या मोठ्या मॅडम खडकावर येऊन भोंग्याची पाहणी करणार आणि तिथेच निकाल देणार असं ठरलं. भोंगा वाजला नाही तर जेटी कायमची रद्द. काका जिंकल्यातच जमा होते.

आणि मंगळवारी त्यांनी सहज खडकाला कान लावला. खाली लाट आपटत होती. चांगली दणकून, पूर्वीसारखीच. काका उठून बसले. पाण्याची ओढ फिरली असती तर लाट अशी आपटली नसती. पाणी आत येतंय. मग वर का येत नाही? दुसरा एखादा म्हणाला असता, मरू दे, आपलं काम होतंय ना. पण हा कसंकाय! त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा गार केला.

बुधवारी सकाळी सहाला ओहोटी होती. सुनेला घेऊन काका खडकाखाली उतरले, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"मामंजी, या वयात हे काय खूळ? सासूबाईंची शपथ आहे ना?"

"तिची माफी मी मागतो, तू दोर धर," काका म्हणाले आणि रांगत आत शिरले.

आत गेल्यावर ते क्षणभर का आलो हेच विसरले. भिंती हात फिरवावा इतक्या गुळगुळीत, पाण्यातून वर येणारा हिरवा उजेड आणि छताला चिकटलेले लहान लहान शिंपले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस तोंडाचा आ वासून बघत राहिला. मग त्यांनी बॅटरी वर धरली.

भोकाच्या नळीत शहाळी होती. शेकडो. काळी पडलेली, फुगलेली, एकमेकांत ठासून बसलेली, फटींमध्ये वाळू आणि एक गुलाबी चप्पल. दहा टाकली तर नऊ उडायची. दहावं कुठे जातं, हा प्रश्न जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला पंधरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. काकांनी खालची दोन उपसून काढली. शेंड्याला कोयत्याचे तीन घाव आणि उभं राहावं म्हणून बूड सपाट. गावात असं फक्त त्यांची सून कापते.

बाहेर आले तेव्हा ती विचारत होती, "काय आहे आत?" काकांनी दोन्ही शहाळी तिच्या पायाशी ठेवली. तिने ओळखली.

"उद्या सांगितलंत तर माझी गाडी इथून उठवतील," ती म्हणाली.

"उठवतील."

"आणि नाही सांगितलंत तर ह्यांचा गुडघा जाईल." तिने दोर गुंडाळायला घेतला. "मला विचारू नका, मामंजी. माझ्याच्याने नाही ठरवता येणार."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा काहीच विचारावंसं वाटलं नाही.

गुरुवारी खडकावर हीऽ गर्दी. मॅडम छत्री घेऊन उभ्या, जेटीचा इंजिनिअर तोंड पाडून. एक वाजला, लाट आपटली, भोंगा गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागून कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं, काका," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

"थांबा, मॅडम." काकांनी पिशवी उघडली आणि दोन काळी शहाळी मॅडमच्या पुढ्यात ठेवली. "जेटीचा काही दोष नाही. भोंग्याचा गळा मी दाबलाय. पहिलं शहाळं मी टाकलं, मग सगळ्यांना टाकायला शिकवलं. काल आत जाऊन डोळ्यांनी बघून आलोय. माझ्या सुनेच्या गाडीचा यात गुन्हा नाही, तिने फक्त विकली. माझ्यावर विश्वास ठेवून सह्या करणाऱ्यांचे मी पाय धरतो. माझं चुकलं."

लोकांत एकच कल्ला झाला. एकाने "म्हातारा चळला" म्हणून घेतलं, दुसऱ्याने ऐंशी जणांचं हसं केल्याबद्दल शिव्यांची लाखोली वाहिली. मॅडमनी अर्ज मागे घेतल्याचं काकांच्याच हातून लिहून घेतलं. गाडी खडकापासून दूर, रस्त्याच्या पलीकडे हलवायची असंही ठरलं. सुनेने मान हलवली आणि तिथल्या तिथे शहाळी पोत्यात भरायला घेतली. इंजिनिअर काकांचे आभार मानायला पुढे आला, तर काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माणसं पांगली. काका खडकावर बसून राहिले, चष्मा काढून, उगाच धोतराच्या टोकाने पुसत. कुणीतरी लंगडत येऊन शेजारी बसलं. ते पाऊल ओळखायला चष्मा कशाला हवा?

"आत कसं आहे हो, बाबा?" मुलाने विचारलं. थेट. टपालपेटीशिवाय.

काकांना हिरवा उजेड सांगायचा होता, शिंपले सांगायचे होते. हाताने हवेत छताची कमान काढायला गेले आणि अर्ध्यावरच हात खाली घेतला. "सांगून नाही कळायचं," ते म्हणाले. "उद्या पावणेआठला ओहोटी आहे. पण तेव्हा तू बोटीवर असशील."

"उद्या नाही जात बोटीवर," मुलगा म्हणाला.