घेवड्यावरची राख

मंडळी, गेल्या आठवड्यात मी इथं विचारलं होतं, आईच्या घेवड्यावर काळा मावा पडलाय, काय मारू? तुम्ही भरभरून उपाय सांगितलेत. तेव्हा आई दवाखान्यात होती. परवा ती गेली.

आज सकाळी रक्षाविसर्जन झालं. अस्थी नदीत सोडल्या. थोडी राख मागं ठेवली, उद्या आमच्या कळंब्याच्या शेतात आंब्याचं रोप लावून त्याच्या बुडात घालायला. अशी राख घरात न्यायची नसते, म्हणून परसात पाणी तापवायच्या बंबाशेजारी घमेल्यात झाकून ठेवली.

दुपारी बाहेर आले तर शेजारच्या काकू पदर खोचून घेवड्यापाशी उभ्या. आमच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. पानांवर पाणी शिंपडून फडक्यातून राख झटकत होत्या. घमेलं निम्मं रिकामं.

"तुझ्या आईचाच उपाय हाय की ह्यो," काकू म्हणाल्या. "बंबातली राख कधी टाकू दिली न्हाय तिनं. दोन दिसांत मावा जातोय बघ."

त्यांनी दिलेला चहा पीत बघत राहिले. रडू आलं नाही, रागही आला नाही. काकू हात धुऊन घरी गेल्या. त्यांना सांगितलं नाही. बाबांनाही नाही.

आता पाण्याचा पाइप हातात घेऊन उभी आहे. शेंगा तोडायला आल्यात. आईनं स्वतः लावलेला वेल आहे.

धुऊ, का राहू दे?