वरच्या दोन गाड्या

मला राग लवकर येतो, हे कोरेगावात माहेरी शेजारपाजारच्यांनाही ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात पलूसकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी खात्याच्या कचेरीत, मी एकटी बाई कारकून. कुठल्या फडातून किती बैलगाड्या ऊस आणायचा, त्या चिठ्ठ्या मी लिहायची. एका हंगामात यार्डात गाड्यांची अशी झुंबड उडाली की बैल दोन-दोन दिवस ताटकळले, ऊस वाळला. आणि आठवड्याने यार्ड ओस, कारखाना बंद! सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईला हिशेब जमत नाही म्हणे. सोमवारच्या बैठकीत मला घरी बसवायचं ठरणार होतं.

आमचे साहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यांचंही तेच मत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, एकदा माझ्या खुर्चीवर बसून बघा. साफसफाईसाठी कारखाना बंद होता, त्या दिवशी मी कचेरीच्या फरशीवर खडूने तीन चौकोन आखले: फड, रस्ता, यार्ड. एक चिंचोका म्हणजे एक गाडी. यार्डाच्या कारकुनाने गाड्या मागायच्या, सुभेदारांनी माझ्या जागी चिठ्ठी लिहायची, ऊसतोडीच्या मुकादमाच्या बायकोने फडातून चिंचोके सोडायचे. आज सोडलेली गाडी परवा पोचणार. बोलायचं कुणी नाही, फक्त चिठ्ठी. यार्डातले दहा चिंचोके रोज मी उचलून कारखान्याला घालणार.

तीन दिवस कसं झकास चाललं. सुभेदार मिशीला पीळ देऊ लागले. मग मी रस्त्यावरचे चार चिंचोके मुठीत लपवले. चार गाड्यांची चाकं निखळली समजा. बस्स, एवढंच केलं मी.

यार्डात सहाच पोचले. कारकुनाने तुटीच्या चार धरून चौदा मागितल्या, आणि पाहुण्याला आग्रहाने वाढतो तशा वरच्या दोन. सुभेदारांनी आपल्या वरच्या दोन घातल्या, मुकादमाच्या बायकोने आपल्या. वीस सुटल्या! त्या वाटेत असतानाच यार्ड रिकामं दिसलं, म्हणून कारकुनाने पुन्हा तेवढ्याच मागितल्या आणि बाकीच्यांनीही पुन्हा तेच केलं. बघता बघता चिंचोके चौकोनाबाहेर, टेबलाखाली, साहेबांच्या वहाणेत! मुकादमाची बायको हसून हसून फरशीवर आडवी झाली. सुभेदार चिडले आणि ढीग उतरेपर्यंत चिठ्ठीवर शून्य लिहीत राहिले. ढीग उतरला, पण मागून काहीच निघालेलं नव्हतं. कारखान्याला घालायला माझ्या हातात एक चिंचोका उरला नाही.

मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. कुणी आळशी नाही, कुणी लबाड नाही, जो तो शहाणपणानेच वागला, आणि सगळ्याचा पार बट्ट्याबोळ! सुभेदार मात्र आपल्या हातच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

सोमवारी बैठकीत माझा विषय निघाला. सुभेदार उठले, फौजेत राहतात तसे ताठ.

"बाईंच्या खुर्चीवर बसून मी बी त्येच केलं. काडायचंच असंल, तर आमा समद्यास्नी काडा."

मंडळींत कुजबुज सुरू झाली. समद्यांना काढलं, तर उद्या ऊस कोण आणणार? मला कुणी काढलं नाही. मी बाहेर आले, पदर तोंडात कोंबला आणि पोट दुखेपर्यंत हसले. मग तिथंच पायरीवर बसून भडाभडा रडले.