पोरीच्या चपला मांडीवर घेऊन

संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटायची एक खोली आहे. दर शनिवारी मी तिथं माझ्या ओमला तासभर भेटतो. तास संपला की तो मागं न बघता आईकडं पळतो.

त्याच वेळी कन्नडहून एसटीनं एक माणूस आपल्या मुलीला तिच्या आईच्या भेटीला आणायचा. तासभर दाराबाहेर बसून राहायचा, पोरीच्या चपला मांडीवर घेऊन. ती बाहेर आली की आधी त्याच्या खिशात हात घालून फुटाणे काढायची. ते बघून माझ्या पोटात दुखायचं. ओम माझ्याकडं राहावा म्हणून मी ताब्याचा हुकूम बदलायचा अर्ज केला होता, आणि याला सगळं आयतं मिळालेलं.

एकदा कळलं, त्यानंही हुकूम बदलायचा अर्ज दिलाय. पोरगी आईकडं द्या म्हणून. मी जवळजवळ भांडलोच, "वेड लागलं का तुम्हाला?"

चपलांची धूळ पुसत तो म्हणाला, "माझ्यापाशी लई हसती, साहेब. पण झोपंत रोज आईलाच हाक मारती."

ओम झोपेत कोणाला हाक मारतो, मला माहीत नाही. या माणसाला ते माहीत होतं, याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.