गुण न आलेल्या गोळीची बातमी

औषधाला गुण आला नाही, एवढंच सांगायला पत्रकार परिषद घेणारी पुण्यात मी एकटीच डॉक्टर असेन. विस्मरणाच्या आजारावर सर्रास खपणारी एक गोळी आम्ही तपासली होती. काही रुग्णांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. शेवटी दोन्हीकडचे रुग्ण सारखेच विसरत होते. लोकांनी खोट्या आशेवर राहू नये, म्हणून हे सांगायलाच हवं असं माझं मत. सहकाऱ्यांचं मत, मॅडमना हौस आहे.

खुर्च्या भरपूर होत्या, माणसं मोजकी. एका तरुण पत्रकार मुलीनं विचारलं, "मॅम, म्हणजे गोळी वर्क नाही करत? मग यात न्यूज काय आहे?"

"हीच," मी म्हणाले.

तिनं बिचारीनं सगळं नीट लिहून नेलं. पण आम्हा संशोधकांची रीत अशी की आधी उद्देश, मग पद्धत आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. माझं निवेदनही तसंच होतं. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की कात्री शेवटालाच लागते. सकाळी मथळा आला, 'विस्मरणावर गोळी : पुण्यातील डॉक्टरांचे संशोधन'. निष्कर्ष गायब. मी फोनवर भांडले, तेव्हा आतल्या पानावर निविदांच्या खाली चार ओळींचा खुलासा आला. तो बहुधा मीच वाचला.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये अभिनंदन झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता काय, औषध घरातच आलं!" मी समजावायला लागले, तोवर त्यांचा मजला आला.

त्या 'घरातच' म्हणाल्या, कारण माझ्या नवऱ्याला तोच आजार आहे. घरातल्या कुणाचं नाव छापून आलं की कात्रण कापून ठेवायचं, ही ह्यांची जुनी सवय. हेही कात्रण शर्टाच्या खिशात गेलं.

"अगं, तुझी गोळी मला कधी सुरू करणार?"

मी शेजारी बसून सगळं सांगितलं. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, समजायला अजूनही वेळ लागत नाही. समजलेलं टिकत नाही, एवढंच.

"म्हणजे काहीच उपयोग नाही?"

"नाही हो."

त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते पुन्हा खुशीत होते, हातात कात्रण, तोंडी तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं, चेहरा पुन्हा उतरला. एकदा कात्रण लपवून पाहिलं, तर कासावीस होऊन घरभर शोधत राहिले. मुकाट्यानं परत दिलं. पूर्वी असं काही बिनसलं की मी ह्यांच्यापाशीच भडाभडा बोलून मोकळी होत असे. आता हे समोर बसलेले असतात आणि मी एकटी असते. फार एकटी.

परवाही तेच झालं. माझं सांगून संपलं. मग ते घाबरल्या आवाजात म्हणाले, "अगं, हे तू मला आधी सांगितलं होतंस का?"

पत्रकारांसमोर खऱ्यासाठी हट्ट धरणाऱ्या मी ह्यांचा हात हातात घेतला.

"नाही हो," मी म्हणाले, "आत्ताच सांगतेय."