दम धरणाऱ्याची बायको

आमच्या ह्यांच्याएवढा दम धरणारा माणूस घोडनदीच्या दोन्ही काठांना नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. कारेगावपासून दौंडपर्यंत कुणाची मोटार विहिरीत पडू दे, पाइपाच्या तळाची जाळी शेवाळानं तुंबू दे, फोन ह्यांनाच येतो. हे जातात, शर्ट काढून कुणाच्या तरी हातात देतात आणि गायब. काठावरच्यांचा जीव टांगणीला लागल्याशिवाय वर येत नाहीत. गावातली अर्धी पोरं ह्यांनीच पोहायला शिकवली. पहिला धडा एकच: पाण्याखाली तोंड उघडलं की मेलास. सासऱ्यांनी तो ह्यांना कानाखाली वाजवून शिकवला होता, त्यामुळे पक्का बसला.

मी? मी विहिरीच्या मधल्या पायरीखाली कधी उतरले नाही.

कांदा निघाल्यावर भावकीतली जोडपी गाडी करून मालवणला गेलो. तिथं समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतात म्हटल्यावर ह्यांना चेव चढला. "आपल्याला काय शिकवत्यात ते? चल तू बी." बाकीची मंडळी किल्ला बघायला गेली आणि आम्ही दोघं बोटीत बसलो.

पाण्यात नेणाऱ्या गड्यानं ह्यांच्या पाठीवर टाकी बांधली, तोंडात नळी दिली. "काका, एकच लक्षात ठेवा. श्वास रोखायचा नाही. नळीतून घेत राहायचं." हे मिशीतल्या मिशीत हसले. एक तर काका म्हणाला, त्यात पाण्यातलं शिकवतोय!

दोघं खाली गेले. मी टोपी सावरतेय तोवर बोटीशेजारी म्हैस पडल्यासारखं पाणी उडालं. हे वर. डोळे पांढरे, एक हात शिडीला, दुसरा त्या गड्याच्या मानेला.

"काकांनी श्वासच घेतला नाही हो!" तो गडी धापा टाकत म्हणाला. "नळी तोंडात आणि दम धरून बसले. दम संपला तशी नळीच ओढून फेकली. परत तोंडात कोंबून वर आणलं बघा."

"पाण्यात श्वास घे म्हणतोय मला!" हे खोकत ओरडले. "येडबीड लागलंय का?"

पैसे भरले होते, ते का सोडायचे? मी गेले. आणि काय सांगू, मस्त! नळीतून श्वास घेत, बुडबुडे सोडत मी पिवळ्या पट्ट्यांचे मासे बघत राहिले. मला कुठं दम धरायची सवय? माझं तोंड घरीसुद्धा बंद नसतं, असं हेच म्हणतात.

किनाऱ्यावर मंडळी भेटली. कसं झालं विचारल्यावर हे बेधडक म्हणाले, "ही घाबरली. मग आलो लगेच वर."

मी तोंड उघडणारच होते. पण ह्यांनी शर्टाची सगळी बटणं एकेक घर चुकवून लावली होती. माणूस खोटं बोलत होता, पण भ्यालेला खरा होता. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातला तेवढाच काय तो दम.

गावात मग माझी चंगळ. "वहिनी, बादलीत वाकू नका, बुडाल!" बाया तर बाया, दीरसुद्धा सोडेनात. मी हसून घ्यायचे आणि घरी आल्यावर ह्यांच्या भाजीत मीठ जरा सढळ हातानं टाकायचे. हे मुकाट जेवायचे.

पण एक मला दिसत होतं. फोन आला की कान दुखतोय, सर्दी झालीय, गुडघा धरलाय. पावसाळा सरला तरी हे कुणाच्या विहिरीत उतरले नव्हते. हा माणूस पुन्हा पाण्यात जाईल की नाही? पाणी गेलं तर ह्यांच्यात उरतं काय?

दसऱ्याच्या तोंडावर चुलत सासऱ्यांचा, आप्पांचा, झेंडू वाळायला लागला. विहिरीतली जाळी तुंबलेली. घरच्या माणसाला नाही कसं म्हणणार? मीही मागोमाग गेले. हे कंबरभर पाण्यात उतरले आणि परत पायरीवर आले.

"पाणी गार हाय," म्हणाले. ऑक्टोबरच्या उन्हात! काठावर सगळे हसले.

मी पायऱ्या उतरले. मधली पायरी ओलांडून अगदी पाण्यापर्यंत. "अहो," हळूच म्हटलं, "हितं कुणी श्वास घ्या म्हणत न्हाई. तुमचंच पाणी हाय. आन् जमत नसंल तर सरका, मी जाते. मला येतंय."

ह्यांनी मला खाऊ की गिळू असं बघितलं आणि बुडी मारली.

पाणी स्थिर झालं. मी पदर तोंडात धरून उभी. देवा, मी कशाला बोलले? माझाच श्वास संपत आला तेव्हा कुठं डोकं वर आलं, हातात चिखलानं भरलेली गोणपाटाची चिंधी.

हे पायरीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालवणला मी घाबरलो व्हतो. ही न्हाई. हिनं तर मासं बघितलं."

मग आप्पांनी डोळे पुसले. "बघा रं! बायकोची लाज राखाया सगळं सवतावर घेतलं. असा नवरा मिळाया नशीब लागतं, पोरी."

"आप्पा, खरंच सांगतायत हे!"

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

आता बुडी मारण्याआधी ह्यांना मी पाण्याजवळच्या पायरीवर दिसावी लागते. नाही दिसले तर हे उतरत नाहीत. म्हणून मला गाडीवर मागं बसवून गावोगाव नेतात. लोक म्हणतात, बायको फार भित्री आहे, नवऱ्याला एकटं सोडतच नाही.