बेअरिंग काय म्हणतंय?

अडकलेली वस्तू न दुखावता बाहेर काढणारा माणूस या जगात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतोय की तक्रार म्हणून, ते माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्याकडे गेली म्हणून ते साडूभाऊ. धाकटी माझ्या पदरात पडली म्हणून त्या घरात मी सगळ्यांचाच ‘पाव्हणं’. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून ते कडेगावला परतले, घरामागे पत्र्याची शेड टाकली, आणि ट्रॅक्टरच्या, जीपच्या पोटात वर्षानुवर्षं गंजून बसलेली बेअरिंगं काढून द्यायला लागले. इतर ठिकाणी अशी बेअरिंगं कापून काढतात. साडूभाऊंना कापणं मान्य नाही. जे बेअरिंग पुढच्या मिनिटाला भंगारात जाणार, तेसुद्धा अख्खं, धडधाकट निघालं पाहिजे. “आवं साडूभाऊ, टाकायचंच तर आहे ना ते?” असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या बेअरिंगची माफी मागितली. का मागितली, ते आजही सांगता यायचं नाही.

जोर लावणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं तर ते कुणाला पिळू देत नाहीत. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं झाकणाला गुंडाळतात आणि थांबतात. आमची जेवणं उरकतात, हात धुऊन होतात, मग झाकण निघतं. त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्यात नवरीच्या बोटात जुनी अंगठी अडकली. बायका साबण घेऊन धावल्या. साडूभाऊंनी सगळ्यांना बाजूला केलं, दोरा मागवला, आणि बोटाला एकेक वेढा देत अंगठी सरकवत राहिले. भटजी घड्याळ दाखवायला लागले, तर म्हणाले, “मुहूर्त परत येतुया म्हाराज, बोट न्हाई येत.” अंगठी निघाली. मुहूर्त गेला. नवऱ्याचा मामा रुसून गाडीत जाऊन बसला. त्याला काढायला मात्र साडूभाऊ गेले नाहीत. माणसांच्या बाबतीत ही कला का चालत नाही, हे मी विचारणार होतो, पण राहून गेलं.

तासाभरावरच्या मलकापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, म्हणून मी कडेगावला जातो. शेडमध्ये माझी जागा ठरलेली: एक पालथा लाकडी खोका, दाराकडे तोंड करून. सकाळचं ऊन थेट डोळ्यात येतं. मी दर वेळी खोका सावलीत ओढतो आणि ते दर वेळी पायाने परत उन्हात ढकलतात. तिथे बसवून ते माझी शिकवणी घेतात. “बेअरिंगला कड्या दोन, पाव्हणं. एक आतली, एक भायेरची. मधी गोळ्या. ॲक्सलवर घट्ट बसलं आसंल तर आतल्या कडीला धरून वडायचं. खोबणीत बसलं आसंल तर भायेरच्या कडीला मारायचं. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांवर येतुया. त्या बिचाऱ्या मरत्यात.” मी मान डोलावतो, आणि पुढच्या रविवारी नेमकं उलटं सांगतो. दोन कड्या लक्षात राहत नाहीत. मधल्या गोळ्यांचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं.

पण खरी शिकवणी ठोक्यांची. कढत तेल ओतून, बेअरिंगला पकडून ओढणारा पुलर ताणून झाला की ते पितळेची कांब लावून ठोके देतात. बेअरिंग घट्ट असतं तोवर टण् टण् वाजतं. सुटायला लागलं की आवाज बोदा होतो. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. एक ठोका जास्त पडला तर बेअरिंग तिरपं होतं आणि ॲक्सलला चरा पडतो. म्हणून ते प्रत्येक ठोक्यानंतर माझ्याकडे बघून विचारायचे, “काय म्हणतंय?” ही माझी परीक्षा आहे असं मी धरून चाललो होतो. मला सगळेच आवाज सारखे वाटत. नापास व्हायचं नाही म्हणून मी कधी “अजून टण् म्हणतंय” सांगायचो, कधी “झालं वाटतं बोदं”. ते पुढचं काम करायचे. बेअरिंग निघायचं. मला वाटायचं, गुरुजी दयाळू आहेत.

मग एका रविवारी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, मला स्वयंपाकघरात बोलावलं. “पाव्हणं, ह्यांना ऐकू येत न्हाई वं. मिक्सर लावला तर म्हणत्यात, वाटण पाट्यावर करतीयास का? कानाचं मशीन घ्या म्हटलं की म्हणत्यात, तूच हळू बोलतीयास. एक दिस कुणाचा तरी ॲक्सल नासवत्याल, आन् मग ह्या शेडकडं कुत्रं फिरकायचं न्हाई. ते मोडून पडत्याल वं. तुमी सांगा त्यांना.”

मी “सांगतो” म्हणालो आणि अंगणात आलो. तिथे माझे पाय थांबले. त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे परीक्षा नव्हतीच. म्हणजे ते खरंच विचारत होते. म्हणजे तालुक्यातले ट्रॅक्टर इतके दिवस माझ्या अंदाजावर चालले होते!

शेडमध्ये शेजारच्या आबांच्या ट्रॅक्टरचा ॲक्सल मांडून ठेवलेला होता. आबांच्या उसाला तोड आली होती, मजूर फडात उतरले होते, आणि एवढ्या जुन्या मॉडेलचा ॲक्सल नवा मिळत नाही. आबा दारातच उभे. “चरा पडला तर लय अवघड हाय बगा,” असं ते साडूभाऊंना सांगत होते, आणि साडूभाऊ आपल्याला ऐकू आल्यासारखं हसत होते. मी खोक्यावर बसलो. आबांसमोर साडूभाऊंचं बहिरेपण कसं काढू? आणि नाही काढलं तर आबांच्या उसाचं काय? अक्कांना दिलेला शब्द एका बाजूला, साडूभाऊंची अब्रू दुसऱ्या बाजूला. मला त्या मधल्या गोळ्या आठवल्या.

पहिला ठोका पडला. “काय म्हणतंय?” मी आबांकडे पाहिलं. दुसरा. “काय म्हणतंय?” आबा बिडी पेटवायला रस्त्याकडे वळले, तसा मी साडूभाऊंच्या कानाशी जाऊन जवळजवळ ओरडलोच, “साडूभाऊ, मला आवाजातलं काही कळत नाही! आजवर सगळं अंदाजानं सांगितलंय!”

त्यांनी कांब खाली ठेवली. मला वाटलं, आता साडूपण संपलं.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “तुमच्या बोलण्याकडं कोण बघतंय? आवाज बदलला की तुमच्या भुवया वर जात्यात. तोंडानं तुमी कायबी बोलता, भुवया खोटं बोलत न्हाईत. म्हणून तर उजेडात बसिवतो तुमास्नी. बसा जावा खोक्यावर.”

मी जाऊन बसलो. ते ठोकत गेले, नजर माझ्या कपाळावर. मला आवाजात काहीही वेगळं जाणवलं नाही, पण अचानक त्यांचा हात थांबला. पुलरला एक पिळा दिला आणि बेअरिंग लोण्यातून यावं तसं सरकत बाहेर आलं. ॲक्सलवर ओरखडा नव्हता. आबा ‘लय भारी’ म्हणाले. मी माझ्या भुवयांना हात लावून पाहिला. त्या आपल्या जागी होत्या.

अक्कांना मी अखेर सगळं सांगितलं. त्यांनी हट्टाने मशीन आणवलं. जेवताना साडूभाऊ ते लावतात. शेडमध्ये शिरताना काढून खिशात ठेवतात. “त्यात कावळा बी मोठ्यानं ऐकू येतुया आन् बेअरिंग बी,” म्हणतात. हे खरं, की मी दर रविवारी यावं म्हणून, मला कळत नाही. शिवाय आता भुवया आपसूक वर जातात की मीच उचलतो, याचाही भरवसा उरलेला नाही. तसं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “जास्त इचार करू नका, कपाळाला आठ्या पडत्यात.”

इतकं लक्ष देऊन माझ्या तोंडाकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. हल्ली मात्र एक गोष्ट मला दिसते. मी पोचतो तेव्हा खोका आधीच मांडलेला असतो, आणि दर वेळी तो त्यांच्या बाजूला आणखी थोडा सरकलेला असतो. ठोका देऊन माझ्या भुवयांकडे बघतानाही ते डोळे बारीक करतात. हे अक्कांना सांगावं की नाही, मला ठरवता येत नाही. मी उजेडाकडे तोंड करतो आणि बसतो.